कोशाचे पारायण



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, त्यांच्या वर्गात मी बसलो आहे. म्हणून या निमंत्रणाकडे मी सन्मानापेक्षा ऋणफेडीची संधी म्हणून पाहतो. जन्मभर मराठी शिकविलेल्या माणसाने संगणकाच्या आज्ञावलीविषयी बोलावे, याचे आपल्यांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. परंतु २०१९ साली माझे काही शब्द हरवले आणि त्यांचा माग काढताना मला या विषयाच्या दारात जावे लागले. तिथे जे शिकलो ते सांगावे, एवढाच आजचा हेतू आहे.

बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून, पत्रांतून आणि हिशेबाच्या वह्यांतून मी तीस वर्षे शब्द टिपीत आलो. एका चिठ्ठीवर एक शब्द, त्याखाली एक अर्थ आणि कोपऱ्यात अनुक्रमांक. अशा ४,११२ चिठ्ठ्या जमल्या. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्या मोठ्या आस्थेने संगणकात उतरविल्या. त्यासाठी त्याने पायथन या संगणकभाषेतील जी रचना वापरली, तिचे नावच ‘डिक्शनरी’ असे आहे.

या रचनेत प्रत्येक नोंदीची दोन अंगे असतात. ज्याने शोधायचे ती किल्ली आणि शोधल्यावर जे मिळते ते मूल्य. शब्द ही किल्ली, अर्थ हे मूल्य. आपल्या शाळेचे हजेरीपत्रकही असेच आहे. क्रमांक ही किल्ली आणि त्यापुढचे नाव हे मूल्य. यंत्र मात्र किल्ली शोधण्यासाठी पाने उलटीत बसत नाही. किल्लीवरूनच ते एक संख्या काढते आणि त्या संख्येने दाखविलेल्या खणाकडे थेट जाते. या युक्तीला ‘हॅशिंग’ म्हणतात. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ साली ती एका टिपणात मांडली. या रीतीमुळे कोशात शंभर शब्द असोत वा लाख, एक शब्द काढायला यंत्राला जवळजवळ सारखाच वेळ लागतो.

माझा विद्यार्थी मला शब्द विचारी, मी सांगे, आणि अर्थ क्षणात समोर येई. मी ‘पाट’ विचारला. पाण्याचा पाट आला. मी संतुष्ट झालो. पुढे काही महिन्यांनी, सगळे शब्द एकदा कागदावर छापून पाहावेत, अशी इच्छा मी व्यक्त केली. शब्द एकेक करून विचारायचे नव्हते. यंत्राने कोशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः जायचे, प्रत्येक नोंदीशी थांबायचे आणि ती छापायची. याला संगणकवाले ‘लूप’ म्हणतात. मला त्यासाठी आपला पारायण हा शब्द अधिक जवळचा वाटतो. पारायणात आवडते अध्याय निवडायचे नसतात; काही गाळायचे नसते आणि काही दोनदा वाचायचे नसते.

छापील यादी हाती आली तेव्हा नोंदी भरल्या ३,७८६. म्हणजे ३२६ चिठ्ठ्या नाहीशा झाल्या होत्या.

कारण साधे होते. या रचनेत एका किल्लीला एकच मूल्य राहते. त्याच किल्लीवर दुसरे मूल्य ठेवले, की पहिले निमूटपणे पुसले जाते. यंत्र तक्रार करीत नाही. ‘पाट’ या शब्दाच्या माझ्यापाशी तीन चिठ्ठ्या होत्या: जेवायला बसण्याचा पाट, विधवेच्या पुनर्विवाहाचा पाट आणि पाण्याचा पाट. शेवटची चिठ्ठी राहिली, आधीच्या दोन गेल्या. भर म्हणून, सोयीसाठी जुने लेखन नव्या नियमांप्रमाणे करून घेतले होते. जुन्या पत्रांत नाम या अर्थी ‘नांव’ अनुस्वाराने लिहीत आणि होडीला ‘नाव’ म्हणत. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेला आणि दोन किल्ल्यांची एक किल्ली झाली. माझ्या कोशात नाम उरले, होडी बुडाली.

मित्रहो, इथे मला जे उमगले ते आजच्या व्याख्यानाचे सार समजा. शब्द विचारीत राहिलो असतो, तर ही हानी मला कधीच कळली नसती. विचारणारा केवळ आठवते तेच विचारतो, आणि विचारलेल्या प्रत्येक शब्दाला काही ना काही उत्तर मिळतच होते. जे कोणी विचारीत नाही, त्याची खबर फक्त पारायणात लागते.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता, असे मला वाटते. अमरकोश अकारविल्हे नाही. तो विषयवार वर्गांत आणि श्लोकांत बांधलेला आहे, कारण तो मुखोद्गत करून आरंभापासून म्हणावयाचा होता. १८३१ सालचा मोल्सवर्थचा कोश वर्णानुक्रमाने आहे, कारण तो उघडून एक शब्द पाहावयाचा असतो. आणि याच बडोद्यात १९३१ साली निघालेल्या श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरूत एकेका इंग्रजी शब्दापुढे अनेक भाषांतील पर्याय मांडलेले आहेत. एका किल्लीमागे अनेक मूल्ये ठेवण्याची सोय आपल्या गावात छापील पानावर आधीच झालेली होती. मीच ती पाहिली नाही.

उपाय त्याच धर्तीचा निघाला. प्रत्येक शब्दामागे एक अर्थ न ठेवता अर्थांची यादी ठेवावयाची. मग फेरीच्या पोटात दुसरी फेरी आली: बाहेरची शब्दांवरून, आतली त्या शब्दाच्या अर्थांवरून. पायथनमध्ये अशा कोशावर साधी फेरी घातली, तर हाती नुसत्या किल्ल्या येतात. ‘व्हॅल्यूज’ म्हटले तर नुसती मूल्ये. ‘आयटम्स’ म्हटले तर किल्ली आणि मूल्य जोडीने येतात. शब्दावाचून अर्थ निराधार आणि अर्थावाचून शब्द मुका, म्हणून आम्ही जोडीने जाणेच पत्करले.

क्रमाविषयीही एक सावधगिरी शिकलो. पायथनच्या २०१८ सालच्या ३.७ या आवृत्तीपासून नोंदी ज्या क्रमाने घातल्या, त्याच क्रमाने फेरीत येतील, अशी भाषेचीच हमी आहे. त्यापूर्वी ती नव्हती. गो नावाच्या भाषेत तर फेरीचा क्रम मुद्दाम बदलता ठेवतात, म्हणजे कोणी त्यावर विसंबू नये. वर्णानुक्रम हवा असेल, तर आधी किल्ल्या लावून घ्याव्यात आणि मग निघावे.

शेवटचा धडा गुरुजींचा आहे. काही चिठ्ठ्यांवर अर्थ लिहायचा राहून गेला होता. फेरी घालता घालता त्या काढून टाकाव्यात, असे मी सुचविले. एक नोंद काढली आणि पुढच्याच पावलाला यंत्र अडले. फेरी चालू असताना कोशाचा आकार बदलला, असा त्याचा निरोप होता. विद्यार्थी म्हणाला, “सर, आत नोंदी घातल्या-काढल्या तर खणांची मांडणी बदलू शकते. मग एखादी नोंद सुटेल किंवा दोनदा येईल, म्हणून ते थांबते.”

मला हजेरीचा तास आठवला. गुरुजी नावे पुकारीत, तेव्हा प्रत्येक नावापुढे खूण करीत. ते मूल्य बदलणे झाले, आणि तेवढ्याला यंत्राचीही हरकत नसते. पण नवा दाखला घेऊन कोणी मुलगा दारात आला, तर गुरुजी त्याला हाताने थांबवीत. कोणाचे नाव कमी करावयाचे असले, तरी शेजारच्या कागदावर टीप करीत. हजेरी पुरी झाल्यावरच पत्रकात घालणे-काढणे होई. आम्ही तेच केले. काढावयाच्या शब्दांची निराळी यादी आधी केली आणि फेरी संपल्यावर त्या यादीप्रमाणे नोंदी काढल्या.

चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या, म्हणून ते ३२६ अर्थ परत आले. चिठ्ठ्या नसत्या, तर आले नसते. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आपल्या घरांतून असे पुष्कळ शब्द आहेत, जे आता कोणी विचारीत नाही. आपल्या घरच्या वह्या टाकण्यापूर्वी एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचाव्यात, अशी माझी माजी विद्यार्थ्यांना हात जोडून विनंती आहे.

गुरुजी हजेरी घेत, तेव्हा नेहमी गैरहजर राहणाऱ्या मुलाचेही नाव रोज पुकारीत आणि क्षणभर थांबत.