कुदळ मारण्याआधी

रस्ता बांधायचा तर भरावाला मुरूम लागतो. तो जिथून खणावा, तिथं खड्डा उरतो. बुलडाणा जिल्ह्यात राष्ट्रीय महामार्गांची कामं निघाली, तेव्हा या खड्ड्याचाच विचार आधी झाला. गावतळी, नाले आणि नद्या खोल करायच्या आणि तिथला मुरूम रस्त्याला वापरायचा. रस्त्याला भराव मिळाला, गावाला पाणी मिळालं. ‘बुलडाणा पॅटर्न’ म्हणून ही रीत देशभर ओळखली गेली.

ऐकायला हे सोपं वाटतं, पण त्यामागची आखणी सोपी नाही. तळं कोरडं सापडतं ते एप्रिल-मे महिन्यांत. पाऊस पडायच्या आत खोदाई उरकावी लागते. मुरूम भरावाला चालेल का, हे प्रयोगशाळेत तपासावं लागतं. वरचा गाळ रस्त्याच्या कामाचा नाही, पण शेताला तो सोन्यासारखा. तो कुणाच्या वावरात जायचा, हे ठरवावं लागतं. बांधाच्या पायथ्याशी खोदलं तर बांधच धोक्यात येतो, म्हणून अंतर राखावं लागतं. तळ्यापासून कामापर्यंत वाहतुकीचं अंतर किती पडतं, तेही मोजावं लागतं. हे सगळं अंदाजपत्रक तयार होतानाच व्हायला हवं. दुसरीकडच्या खाणीवर डंपर धावू लागले, की तळं आठवून उपयोग नसतो.

मोठ्या प्रकल्पाला तर हा आधीचा हिशेब आणखीच लागतो. आपल्याच जिल्ह्यात, नांदुरा तालुक्यात, पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प आहे. १९९०च्या दशकात त्याचा मूळ खर्च सुमारे ३९४ कोटी रुपये धरला होता. पुढे सुधारित आकडा १३ हजार कोटींच्या वर गेला. धरण म्हणजे नुसती भिंत नव्हे. बुडणारी जमीन, उठणारी गावं, त्यांची नवी घरं हाही प्रकल्पाचाच भाग. त्यांचा हिशेब मागे राहिला, तर प्रत्येक सरत्या वर्षाबरोबर खर्च वाढतो. विस्थापित होणारं कुटुंब आणि पाण्याची वाट पाहणारा, भूजल खारं असलेल्या खारपाणपट्ट्यातला शेतकरी, दोघंही ताटकळत राहतात.

म्हणून एक विनंती. मोजणीची माणसं गावात आली, की जाणत्या मंडळींनी त्यांच्यासोबत शिवारात फिरावं. पूर कुठवर चढतो, पाणी कुठं तुंबतं, हे दाखवावं. तरुण अभियंत्यांनीही ते वहीत टिपून घ्यावं. त्या दिवशी नकाशावरची रेघ पेन्सिलीची असते. ती खोडता येते.