आधी लगाम, मग घोडे



जुन्या वेगवान मोटारीत जोड-टर्बोचे बलाढ्य इंजिन बसवणे हा छंद सातासमुद्रापलीकडचा. त्याचे आपल्याला काय, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु योजना कशाला म्हणावे, हा प्रश्न या छंदातून उभा राहतो आणि तो आपल्या घरचाच आहे.

आमचा एक जुना विद्यार्थी कॅलिफोर्नियात असतो. त्याच्यापाशी १९७२ सालची डॅटसन २४०झेड ही मोटार आहे. आपल्या बेताची यादी त्याने आम्हांला पाठवली. पहिल्या ओळीत टोयोटाचे २जेझेड-जीटीई इंजिन, पुढे 'सहाशे अश्वशक्ती' असा आकडा. आणि अगदी शेवटी 'ब्रेक', त्यापुढे प्रश्नचिन्ह! त्या प्रश्नचिन्हानेच आम्हांला आज आपल्यापुढे उभे केले आहे.

ही मोटार १९६९ साली जपानात निघाली व पुढच्या वर्षी अमेरिकेत विकली जाऊ लागली. इंजिन २३९३ घनसेंटिमीटरचे, सहा सिलिंडरचे. शक्ती १५१ अश्वशक्ती, वजन टनाहून थोडेसेच अधिक. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम. दुसरीकडे २जेझेड-जीटीई हे १९९१ साली आलेले इंजिन २९९७ घनसेंटिमीटरचे. परदेशी जाणाऱ्या सुप्रा मोटारीत ते ३२० अश्वशक्ती देई. दोन्ही इंजिनांचे सिलिंडर एका सरळ रांगेत, म्हणून डॅटसनच्या लांब नाकाखाली हे इंजिन बसते. मात्र १५१ हा आकडा जुन्या अमेरिकन रीतीने, इंजिनावरचा जोडसरंजाम उतरवून मोजलेला. तेव्हा प्रत्यक्षातले अंतर दिसते त्याहूनही मोठे आहे.

टर्बो करतो काय? धुराड्यातून फुकट जाणाऱ्या तप्त वायूंवर तो एक चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरात कोंबते. हवा अधिक, म्हणून इंधन अधिक, म्हणून शक्ती अधिक. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने या कल्पनेचे पेटंट १९०५ सालीच घेतले होते. या इंजिनात दोन टर्बो आळीपाळीने कामाला लागतात: कमी फेऱ्यांवर एक, आणि मिनिटाला सुमारे चार हजार फेऱ्यांनंतर दोन्ही.

पण फुकट काही मिळत नाही. हवेचा दाब दुप्पट केला की तिचे तापमान शंभर अंश सेल्सियसच्या पुढे जाते. ती थंड करावयास समोर इंटरकूलर हवा. त्याच्या मागे रेडिएटर, आणि जुन्या नाकात जागा तेवढीच. मूळच्या कार्बुरेटरला इंधनाचा हलका दाब पुरे. नव्या इंजिनाला विजेचा जोरदार पंप लागतो. तो ऐन भराच्या वेळी उणा पडला, तर मिश्रण विरळ होते, सिलिंडरात अवेळी स्फोट होतात आणि दट्ट्या वितळतो. हजारो डॉलरांचे इंजिन काही क्षणांत भंगार होते.

इंजिन वाचले तरी शक्ती पुढे जातेच. ती क्लचला विचारते, 'पेलवेल का?' मग गिअरबॉक्सला, मग मागच्या डिफरन्शिअलला. जो सर्वांत दुबळा, तो तुटतो. या मोटारीला वेगळी चौकट नाही. पत्र्याचे अंग हाच तिचा सांगाडा, आणि पन्नास वर्षांत बॅटरीखाली व पायाखाली तो गंजलेला असतो. गंजलेल्या पत्र्यावर चारशे घोड्यांचा पीळ बसला तर काय होईल, हे सांगावयास अभियंता नको.

आणि शेवटी ब्रेक. वेग दुप्पट झाला की थांबवावयाची ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटरला जी मोटार सहज थांबते, तीच १२० ला चौपट उष्णता ब्रेकवर टाकते. हा हिशेब छंदिष्टाला सूट देत नाही. आणि त्याची किंमत पुष्कळदा रस्त्यावरचा दुसराच कोणी चुकवतो.

आम्ही विद्यार्थ्याला एवढेच लिहिले: 'यादी उलटी कर. चाकापासून आरंभ कर, इंजिनाशी शेवट कर. आणि शक्ती कशासाठी हवी ते आधी ठरव.' काही आठवड्यांनी नवी यादी आली. पहिल्या ओळीत ब्रेक, दुसरीत गंजाची तपासणी, मग डिफरन्शिअल, मग थंडाव्याची व इंधनाची व्यवस्था. इंजिन सातव्या ओळीत होते. सहाशेचे चारशे झाले होते आणि खर्च दुप्पट. खाली लिहिले होते, 'सर, आणखी दोन वर्षे थांबतो.'

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम अशा मनमानी बदलांना आडवे येते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे लावले. काही तरुणांना हा जाच वाटतो. आम्हांला वाटते, कायद्याचा धाक असो वा नसो, ती उलटी यादी प्रत्येकाने स्वतःच करावी. नवे घर असो, कारखाना असो की संस्था असो, आपण इंजिनापासून आरंभ करतो आणि ब्रेकपुढे प्रश्नचिन्ह ठेवतो.