दप्तर एक, मेजे अनेक



जमीन कोणाच्या नावे आहे, तिच्यावर कोणाचा बोजा आहे, या साऱ्याचा पुरावा दप्तरात असतो. बेळगाव तालुक्यातील उचगावच्या शेतकऱ्याचा उतारा पूर्वी हाताने लिहिला जाई आणि दप्तर तलाठ्याच्या ताब्यात असे. कर्नाटक शासनाच्या ‘भूमी’ योजनेने ही रीत पालटली. राज्यातील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आले. तालुका कचेरीच्या खिडकीवर प्रारंभी १५ रुपये शुल्कात छापील उतारा मिळू लागला. पुढे दस्तनोंदणीची ‘कावेरी’ यंत्रणा ‘भूमी’शी जोडली गेली आणि खरेदीखत नोंदल्याची वर्दी महसूल खात्याकडे संगणकावरूनच जाऊ लागली.

यामागील सूत्र लहान संस्थांनाही उपयोगी आहे. माहिती एकाच जागी असावी. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र प्रत्येक मेजावर असावी.

समजा, गावातील एखाद्या पतसंस्थेत तीन मेजांवर तीन संगणक आहेत. सभासदांची खाती ‘मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस’सारख्या कार्यक्रमात ठेवली आहेत. हा कार्यक्रम १९९२ साली प्रथम बाजारात आला. अशा ठिकाणी कामाचे दोन भाग करणे हितावह असते. नोंदीचे तक्ते व अहवाल यांची फाइल प्रत्येक संगणकावर स्वतंत्र ठेवावी. प्रत्यक्ष खाती असलेली फाइल मात्र एका सामायिक जागी, एकच असावी. पहिल्या फाइलीत दुसरीचा पत्ता लिहिलेला असतो. हाच दोहोंमधील दुवा होय.

अडचण येते ती पत्ता बदलल्यावर. मुख्य संगणक नवा येतो, सामायिक कप्प्याचे नाव बदलते, किंवा त्या जागेला एका मेजावर एक अक्षर व दुसऱ्यावर दुसरेच दिलेले असते. दुवा तुटतो आणि काम थांबते. अशा वेळी खात्यांची फाइल आपल्याच संगणकावर उतरवून घेण्याचा मोह होतो. मोठे नुकसान येथेच संभवते. एका मेजावर सभासदाचा हप्ता जमा होतो, तर दुसऱ्या मेजावर त्याच्याच नावे थकबाकी दिसते. दप्तरे दोन झाली की खरे कोणते, हे सांगणे कठीण होते आणि त्याचा त्रास अखेर सभासदालाच सोसावा लागतो.

यावरील उपाय म्हणजे दुवा आपोआप जुळविण्याची व्यवस्था. कार्यक्रम उघडताच त्याने नोंदलेल्या पत्त्यावर फाइल आहे की नाही, हे प्रथम पाहावे. नसल्यास संस्थेने ठरवून दिलेल्या दुसऱ्या जागी शोधावे. फाइल सापडली तरी लगेच जोडू नये. संस्थेची ओळखखूण व आवृत्तीचा क्रमांक त्या फाइलीतच एका छोट्या कोष्टकात लिहिलेला असावा. तो पडताळून मगच प्रत्येक कोष्टकाचा पत्ता बदलावा. खूण जुळली नाही, तर कार्यक्रमाने स्पष्ट सूचना देऊन थांबावे. जुन्या प्रतीशी गुपचूप जुळलेला दुवा तुटलेल्या दुव्यापेक्षा अधिक घातक असतो, कारण त्यातील चूक कोणाच्या ध्यानात येत नाही.

काही पथ्येही पाळणे अगत्याचे आहे. पत्त्यात अक्षराऐवजी मुख्य संगणकाचे व सामायिक कप्प्याचे पूर्ण नाव लिहावे. त्या कप्प्यात लिहिण्याची परवानगी काम करणाऱ्या प्रत्येकास असावी. राखीव प्रत रोज घ्यावी. परंतु ती वेगळ्या जागी, तारीख घालून ठेवावी आणि दुवा शोधण्याच्या यादीत तिचा पत्ता कधीही घालू नये. ॲक्सेसच्या एका फाइलीची मर्यादा २ गिगाबाइट आहे. काम त्यापलीकडे वाढण्याची चिन्हे दिसताच मोठ्या व्यवस्थेचा विचार करावा.

शाळेचे हजेरीपट असोत, वाचनालयाची पुस्तके असोत वा पतसंस्थेची खाती, खरे दप्तर कोणते व ते कोठे आहे, हे लेखी ठरवून त्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी. एवढे झाल्यावर वाट जुळविण्याचे काम यंत्रावर निर्धास्तपणे सोपविता येईल.