अग्रणीच्या खोऱ्यात दोन भाषा
(विटा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या खानापूर घाटमाथ्यावर तामखडीच्या परिसरात अग्रणी नदी उगम पावते. तासगाव व कवठे महांकाळ तालुक्यांतून वाहत ती कर्नाटकातील अथणी तालुक्यात शिरते आणि तेथे कृष्णेस मिळते. उगमाशी तिला आपण नदी म्हणतो. शेवटच्या टप्प्यात तिला ‘होळे’ म्हणतात. या दोन शब्दांमधील अंतर मोटारीने दोन-अडीच तासांचे. कामाच्या निमित्ताने हा प्रवास मी अनेकदा केला. परंतु मराठी नेमकी कोठे संपली आणि कानडी कोठे सुरू झाली, हे मला एकदाही दाखविता आले नसते.

घाटमाथा उतरताना दोन्ही बाजूंस बोडके डोंगर आणि उघडे माळ दिसतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा मुलूख, पाऊस बेताचाच. सिद्धेवाडीचा तलाव मागे टाकून सावळजकडे निघाले, की द्राक्षांचे मांडव आणि बेदाण्याच्या शेड लागतात. पुढे अग्रण धुळगाव येते. या गावाने नदीचे नावच आपल्या नावात बांधून घेतले आहे. मधल्या काळात मात्र ती नुसती नावापुरतीच उरली होती. वाळूउपसा आणि अतिक्रमणे यांनी पात्र मोडून गेले होते. २०१२-१३ च्या दुष्काळानंतर ग्रामस्थ, जलबिरादरीचे कार्यकर्ते आणि शासकीय यंत्रणा यांनी पात्र मोकळे करण्याचे व बंधारे बांधण्याचे काम हाती घेतले. २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाने त्यास बळ मिळाले. वरच्या गावांनी अडविलेले आणि मुरविलेले पाणी खालच्या विहिरींना लागते; त्या विहिरींचा धनी कोणती भाषा बोलतो, याची चौकशी पाणी करीत नाही.

या दोन भाषांची देवघेव फार जुनी आहे. मिरज परिसरात शिलाहारांच्या काळातील कानडी शिलालेख सापडले आहेत. आपल्या ताटातील तूप हे कानडी ‘तुप्प’शी नाते सांगते, पानसुपारीच्या तबकातील अडकित्ता ‘अडकोत्तु’शी, आणि घरातील वडीलधाऱ्यांना आपण अण्णा व अक्का म्हणतो, तेव्हा निम्मी कानडी आपण बोललेलो असतोच. बेदाण्याच्या सौद्यांत तर हे रोज पाहावे. विजापूरकडचा शेतकरी आपला माल तासगाव-सांगलीच्या बाजारात आणतो. अडत्या मराठी, माल कानडी. परंतु भावाचा आकडा दोघांनाही एकदम कळतो.

कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीचे बिरोबाचे बन हे या मुलखातील दुसरे मोठे संगमस्थान. आपण ज्याला बिरोबा म्हणतो, त्यालाच कानडी मेंढपाळ बीरप्पा म्हणतात. मेंढरांच्या मागे शतकानुशतके चालणाऱ्या या लोकांनी दोन्ही भाषा वाटेतच उचलल्या. माडग्याळी मेंढीचे नाव आपण ऐकले असेल. धिप्पाड अंगाची आणि पोपटाच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची ही जात जत तालुक्यातील माडग्याळ या गावावरून ओळखली जाते.

आरेवाडीवरून पूर्वेस गेले, की खोरे मागे पडते आणि जतचे पठार सुरू होते. दानम्मादेवीचे गुड्डापूर येथेच आहे. ‘गुड्ड’ म्हणजे टेकडी. देवीच्या दर्शनास कर्नाटकातून भाविकांची रीघ लागते आणि मंदिराच्या आवारात कानडीच अधिक कानी पडते. या भागात सांगली जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या प्राथमिक शाळा आहेत. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, असे संविधानाचे कलम ३५०-क सांगते. मुलांची सोय झाली. त्यांच्या आजी-आजोबांचे काय, हा प्रश्न मला २०२२ च्या खरिपात पडला.

जतच्या पूर्व भागातील एका गावी पीक विम्याची सभा होती. मराठीत छापलेली पत्रके वाटून झाली. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावे, असा त्या वेळचा नियम होता आणि तो पत्रकात ठळक अक्षरांत होता. माणसे शांतपणे ऐकत होती. कोणी काही विचारीना, म्हणून सर्वांना समजले असे गृहीत धरण्यात आले. एवढ्यात शाळेचे गुरुजी उठले आणि त्यांनी तोच नियम कानडीत सांगितला. मग मात्र एकच गलका झाला. एका वृद्ध बाईंनी विचारले, “गारपीट होऊन आठ दिवस झाले असतील तर?” त्यांचे ७२ तास केव्हाच उलटून गेले होते. पत्रक त्यांच्या घरी होते, नीट घडी घालून ठेवलेले.

राज्याची राजभाषा मराठी आहे आणि ती असलीच पाहिजे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ विषयी माझ्या मनात किंतु नाही. परंतु आपले गाऱ्हाणे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क संविधानाच्या कलम ३५० ने नागरिकास दिलेला आहे. गाऱ्हाणे कानडीत घ्यावयाचे, तर ते टाळणारी माहितीही कानडीत देणे शहाणपणाचे नव्हे काय? पत्रकाची मागची बाजू बहुधा कोरीच असते. माहिती खात्यातील माणूस म्हणून मी याहून मोठी मागणी करीत नाही.

पूर्व भागातील काही ग्रामपंचायतींनी दशकभरापूर्वी शेजारच्या राज्यात जाण्याचे ठराव केले, तेव्हा पुष्कळांनी त्याचा अर्थ भाषेत शोधला. तेथील लोकांशी बोलल्यावर माझी खात्री झाली, की ते ठराव तहानेचे होते. म्हैसाळ योजनेचे पाणी आपल्यापर्यंत येत नाही, ही त्यांची व्यथा होती. आता विस्तारित म्हैसाळ योजनेस मंजुरी मिळाली आहे. ते पाणी शेतात पोहोचेल, तेव्हा पाळीपत्रक आणि पाणीपट्टीची नोटीसही पोहोचेल. ती कोणत्या भाषेत असावी, हे आधीच ठरविलेले बरे.

विटेकरांना हे पटवून द्यावे लागू नये. सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी या तालुक्यातील माणसे तमिळनाडू, केरळपासून देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन राहिली आहेत. त्यांची मुले तेथील शाळांत तेथील भाषा शिकतात आणि यात्रेस गावी आली, की आजीशी मराठी बोलतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरचे कोणी ना कोणी असे बाहेर असेल. दुकानावर तेथल्या कार्यालयाची नोटीस येते, तेव्हा ती त्यांना कोण वाचून दाखवितो, हे या खेपेस त्यांना जरूर विचारावे.