आठ ओळींचा सारांश

'कवितेचा सारांश लिहा' हा प्रश्न मी मलकापुरात कितीतरी वर्षं मुलांना घातला. कविता लांब असली की अडचण नसे. निम्मा मजकूर गाळला की काम भागे. पंचाईत केली ती बालकवींच्या 'औदुंबर'ने. अवघ्या आठ ओळी. यातलं गाळणार काय?

त्या ओळींत काय आहे ते पाहा. बेटांमधून वाहणारा झरा, टेकडीकडे चार घरांचं गाव, शेतमळे, त्यांतून निघालेली पांढरी पायवाट, काळा डोह आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. संपलं. माणूस एकही नाही. सुख, दुःख, वैराग्य, यांतला एकही शब्द नाही.

आपल्याकडे औदुंबर म्हटलं की नृसिंहवाडी आठवते. त्यामुळे पुष्कळ वह्यांत दत्तगुरू हमखास येत. मी ते लाल शाईने खोडायचो. 'कवितेत नाही ते लिहू नये' असा शेरा ठरलेला.

एका वर्षी आंब्याकडच्या वाडीतल्या एका मुलीने लिहिलं, 'गाव आहे, वाट आहे. पण वाट गावात जात नाही, डोहाकडे जाते. तिथे झाड बसलं आहे.' मी पाचपैकी दोन गुण दिले. शेरा मारला, 'विरक्तीचा भाव आला नाही.' ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, विरक्ती कितव्या ओळीत आहे?"

पुस्तक उघडलं. बोट ठेवून आठही ओळी वाचल्या. विरक्ती नव्हती. ती मी समीक्षकांच्या लेखांतून उचलली होती. कुणी त्या झाडात योगी पाहिला, कुणी मृत्यूची सावली. त्यातून १९१८ साली, ऐन सत्ताविशीत, भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली कवी गेला, हे एकदा ठाऊक झालं की काळा डोह नुसता डोह राहत नाही. म्हणजे मुलांचे दत्तगुरू खोडणारा मी, त्याच झाडाखाली माझा योगी बसवत होतो!

तिला पाच गुण दिले का? नाही, चार दिले. पाण्यावर पसरणारा काळेपणा कवीला गोड वाटतो, तेवढं तिने गाळलं होतं. आणि शेवटच्या ओळीतला 'असला' हा शब्द. 'असला' म्हणजे कसला? ते तिनेही लिहिलं नव्हतं. पण त्याचा गुण कापला नाही. मला तरी कुठे सांगता येत होतं?