वर्णद्वेष आणि भाकरी : दक्षिण आफ्रिकेच्या राज्यकर्त्या पक्षापुढील दोन कामे

(नभोवाणीवरील भाषण)

दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या पक्षाची एक जुनी रीत आहे. ८ जानेवारी १९१२ रोजी ब्लूमफाँटेन येथे या पक्षाची स्थापना झाली. तेव्हा दरवर्षी त्या तारखेच्या सुमारास पक्षाचे अध्यक्ष जाहीर सभेत वर्षाचे निवेदन वाचून दाखवितात. सरल्या वर्षाचा जमाखर्च आणि येत्या वर्षातील कामांचा अग्रक्रम असे त्याचे स्वरूप असते. १९९४ पासून हा पक्ष सत्तेवर असल्याने या निवेदनाकडे पक्षाच्या कार्यकर्त्यांप्रमाणेच शेअरबाजारातील दलालही कान लावून बसतात.

२०१६ च्या जानेवारीत रस्टेनबर्ग येथे तत्कालीन अध्यक्ष जेकब झुमा यांनी जे निवेदन वाचले, त्यात दोन कामांवर विशेष भर होता : वर्णद्वेषाचे निर्मूलन आणि मंदावलेल्या अर्थव्यवस्थेला गती देणे. या दोन्हींना ताजे निमित्त घडले होते. नववर्षाच्या सुटीत डर्बनच्या समुद्रकिनाऱ्यावर जमलेल्या कृष्णवर्णीय लोकांना एका गोऱ्या बाईने फेसबुकवर माकडांची उपमा दिली आणि देशभर संतापाची लाट उसळली. पुढे समता न्यायालयाने तिला दीड लाख रँड भरावयास लावले. दुसरे निमित्त राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्या हाताने निर्माण केले होते. ९ डिसेंबर २०१५ रोजी त्यांनी अर्थमंत्री न्हलान्हला नेने यांना अचानक दूर केले. रँडचा भाव कोसळला, बाजारात घबराट उडाली आणि चार दिवसांत नवा मंत्रीही बदलून प्रवीण गोर्धन यांना पुन्हा पाचारण करावे लागले. एका आठवड्यात तीन अर्थमंत्री पाहण्याचा योग फार थोड्या देशांच्या वाट्याला येतो. त्यातच १९०४ पासूनच्या नोंदींत सर्वांत कमी पाऊस २०१५ साली पडलेला, आणि खनिजांचे भाव उतरलेले.

हा पक्ष ही दोन कामे नेहमी एका दमात का उच्चारतो, हे समजण्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागते. युरोपात किंवा अमेरिकेत वर्णद्वेष म्हटला की तिरस्काराचा आणि अपमानाचा विचार प्रथम मनात येतो. दक्षिण आफ्रिकेत या तिरस्काराच्या मुळाशी मजुरांचा पुरवठा हा प्रश्न होता. विटवॉटर्सरँडच्या डोंगरपट्टीत सोने सापडले ते खोल आणि हलक्या प्रतीचे. ते परवडेल अशा खर्चात काढायचे, तर स्वस्त मजुरांची फौज हवी. आफ्रिकन शेतकऱ्याची स्वतःची जमीन आणि गुरे शाबूत असती, तर तो कशाला खाणीत उतरता ! १९१३ च्या जमीन कायद्याने बहुसंख्य आफ्रिकनांसाठी देशाची अवघी ७ टक्के भूमी राखून ठेवली. १९३६ मध्ये हे प्रमाण १३ टक्क्यांच्या आसपास गेले. जमीन गेली, कर मात्र रोखीने भरायचा, म्हणून कर्ता पुरुष बायकामुलांना मागे टाकून खाणीच्या बराकीत जाऊन राहू लागला. तेथेही १९११ आणि १९२६ च्या खाण-कायद्यांनी कसबाची कामे गोऱ्यांकडे राखली.

१९४८ साली नॅशनल पार्टी अधिकारावर आली आणि या व्यवस्थेला शास्त्राचे रूप मिळाले. १९५० मध्ये माणसांची वर्णवार नोंदणी सुरू झाली. त्याच वर्षीच्या वस्ती-कायद्याने कोणत्या वर्णाच्या माणसाने शहराच्या कोणत्या भागात राहावे हे ठरले, आणि काळ्या लोकांची वस्ती कामाच्या ठिकाणापासून कोसावर नेऊन ठेवण्यात आली. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याचा हेतू तर उघडच होता. आफ्रिकन मुलाला मजुरीपुरतेच शिकवायचे, गणित आणि विज्ञान शिकवून त्याच्या मनात भलत्या आकांक्षा जागवायच्या नाहीत, असे त्याचे कर्ते राजरोस सांगत.

या तिन्ही गोष्टी, म्हणजे जमीन, वस्ती आणि शाळा, कायदा रद्द केल्याने रद्द होत नाहीत. २७ एप्रिल १९९४ रोजी सर्व प्रौढांनी मतदान केले, आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला ६२ टक्क्यांहून अधिक मते पडली, नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. सोवेटोतील मजूर मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच लांबच्या वस्तीतून निघाला आणि दिवसाच्या मजुरीतला मोठा वाटा भाड्यात घालवून कामावर पोहोचला. त्याहून मोठा दैवदुर्विलास असा की, १९७० साली या देशाने १,००० टन सोने काढले होते. आज त्याच्या दशांशाच्या आसपासच निघते. खाणी आटल्या, आणि त्यांच्या जागी बँका, विमा, दळणवळण असे उद्योग वाढले. तेथे शिकलेला माणूस लागतो. ज्या पिढीला जाणूनबुजून अशिक्षित ठेवले होते, तिला स्वातंत्र्य मिळाले ते नेमके अशिक्षिताला काम मिळण्याचे दिवस सरत असताना. बेकारीचे प्रमाण आज ३२ टक्क्यांच्या घरात आहे आणि तरुणांत ते याहून पुष्कळच अधिक आहे, याचे अर्धे कारण येथे आहे. उरलेल्या अर्ध्याचा विचार राज्यकर्त्या पक्षाच्या कारभारात करावयास हवा.

या पक्षाने १९५५ मध्ये क्लिपटाउन येथील लोकसभेत स्वातंत्र्याची सनद स्वीकारली होती. खाणी आणि बँका जनतेच्या मालकीच्या होतील, असे तिच्यात आश्वासन होते. प्रत्यक्ष अधिकार आल्यावर पाच वर्षांत दहा लाख घरे बांधण्याचा पुनर्रचना-कार्यक्रम हाती घेण्यात आला. पण १९९६ च्या जूनमध्येच सरकारने दिशा बदलली. तूट कमी करावी, आयातीवरील जकाती उतरवाव्या, परकीय भांडवलाला विश्वास वाटावा, असे नवे धोरण अर्थमंत्री ट्रेव्हर मॅन्युएल यांनी मांडले. पक्षाच्या पंखाखालच्या कामगार संघटना आणि कम्युनिस्ट या धोरणावर अद्याप रुष्ट आहेत. त्यांचा रोष सर्वस्वी अयोग्य नाही, कारण २००० सालापर्यंत वाढीचा वेग वर्षाला सहा टक्क्यांवर नेण्याचे जे वचन होते, ते फळाला आले नाही. तथापि तिजोरी सावरली हेही खरे. २००४ ते २००७ या काळात अर्थव्यवस्था दरसाल सुमारे पाच टक्क्यांनी वाढली आणि त्या बळावरच सामाजिक निवृत्तिवेतने व बालभत्ते यांचा विस्तार झाला. आज पावणेदोन कोटींहून अधिक भत्ते दिले जातात. १९९६ च्या जनगणनेत शंभरापैकी सुमारे ५८ घरांत विजेचा दिवा होता. २०२२ च्या जनगणनेत हा आकडा ९४ च्या वर गेला. पक्षाच्या टीकाकारांनी हे विसरू नये.

वर्णद्वेषाच्या आघाडीवर पक्षाचा मुख्य भरवसा कायद्यावर राहिला. १९९६ च्या घटनेने समतेची हमी दिली, २००० सालच्या कायद्याने समता न्यायालये स्थापन केली. १९९८ च्या नोकरी-समता कायद्याचे स्वरूप भारतीय श्रोत्यास चटकन उमगणार नाही. भारतात आरक्षण आहे ते मुख्यतः सरकारी नोकऱ्यांत आणि शिक्षणसंस्थांत. तेथे खाजगी मालकालाही आपल्या कचेरीत वरच्या जागांवर काळे लोक व स्त्रिया किती आहेत याचा हिशेब द्यावा लागतो. आधी हे उद्दिष्ट मालक स्वतः ठरवीत असे; १ जानेवारी २०२५ पासून ५० वा अधिक नोकर असणाऱ्या उद्योगांसाठी ते मंत्री ठरवितात. शिवाय तेथे हा कायदा बहुसंख्याकांसाठी आहे. २०२२ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येत आफ्रिकन ८१ टक्क्यांहून अधिक आणि गोरे ७ टक्क्यांच्या थोडे वर आहेत.

२००३ च्या कायद्याने काळ्यांच्या आर्थिक सबलीकरणाचे धोरण पक्के केले. मालकीत, व्यवस्थापनात, खरेदीत काळ्यांचा वाटा किती, यावर कंपन्यांना गुण मिळतात आणि सरकारी कंत्राटे त्यावर अवलंबून असतात. या धोरणाने काळ्या मध्यमवर्गाची वाढ झाली, परंतु भागभांडवलाच्या मोठ्या सौद्यांत तीच ती, पक्षाशी लागेबांधे असलेली नावे पुनःपुन्हा दिसू लागली. खुद्द सिरिल रामफोसा यांचे चरित्रच या काळाचा आरसा ठरावे. १९८२ मध्ये खाण-कामगारांची संघटना उभारणारा हा पुढारी घटना-समितीचे काम आटोपून उद्योगात शिरला, धनाढ्य झाला आणि २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी बसला. रस्टेनबर्गचा उल्लेख वर आला आहे. ते शहर प्लॅटिनमच्या खाणींच्या पट्ट्यात वसले आहे. तेथून जवळच मारिकाना येथे १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांनी संपावरच्या ३४ खाण-कामगारांना गोळ्या घातल्या. महिना साडेबारा हजार रँड पगार ही त्यांची मागणी. खाणींवरचा गोळीबार त्या देशाला नवा नव्हता. नवे होते ते एवढेच की सरकार आता त्याच कामगारांनी निवडून दिलेले होते.

जमिनीचा प्रश्न याहूनही अडला आहे. पाच वर्षांत ३० टक्के शेतजमिनीचे फेरवाटप करण्याचे १९९४ चे उद्दिष्ट पुढे २०१४ पर्यंत ढकलले गेले आणि तेव्हाही गाठले गेले नाही. व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीपैकी ७२ टक्के गोऱ्यांकडे असल्याचे २०१७ च्या सरकारी पाहणीत आढळले.

या साऱ्यात तेथील हिंदी समाजाची जागा अवघड आहे, आणि मराठी माणसाचा या इतिहासाशी दुवा आहे तो येथेच. १९१२ च्या ऑक्टोबरात गोपाळ कृष्ण गोखले हिंदी मजुरांवरील तीन पौंडांच्या कराचा प्रश्न घेऊन दक्षिण आफ्रिकेत गेले. जोहान्सबर्गमध्ये कोकणी मुसलमान आणि काही महाराष्ट्रीय हिंदू होते. गोखल्यांचे मराठी भाषण ऐकण्याची त्यांची फार इच्छा. गांधीजींनी तसे सुचविले आणि हिंदुस्थानीत भाषांतर करण्याचे काम स्वतःकडे घेतले, तेव्हा त्यांच्या मराठीच्या ज्ञानाबद्दल गोखल्यांनी मनसोक्त थट्टा केली, असे गांधीजींनीच लिहून ठेवले आहे. याच दौऱ्यात गोखले डर्बनजवळ इनांडा येथे जॉन डुबे यांची ओहलांगे शाळा पाहून आले. डुबे हे त्याच वर्षी जन्मलेल्या आफ्रिकन काँग्रेसचे पहिले अध्यक्ष. गांधीजींनी १९०४ मध्ये वसविलेला फिनिक्स आश्रमही याच परिसरात होता.

या शेजाराची पुढील कहाणी सरळ नाही. १९४७ मध्ये आफ्रिकन व हिंदी पुढाऱ्यांनी सहकार्याचा करार केला. १९४९ च्या जानेवारीत डर्बनमध्ये आफ्रिकन आणि हिंदी यांच्यात दंगल होऊन १४२ माणसे मेली. १९८५ च्या दंगलीत फिनिक्सचा आश्रम जळाला. २०२१ च्या जुलैत झुमा यांच्या तुरुंगवासानंतर जी लुटालूट झाली, तीत देशात साडेतीनशेंहून अधिक बळी पडले. त्यांपैकी तीसहून अधिक फिनिक्स या हिंदी वस्तीच्या परिसरात, आणि मेलेले बहुतेक आफ्रिकन. दुकाने व घरे राखण्यासाठी हिंदी रहिवाशांनी रस्ते अडविले होते, आणि त्या नाक्यांवर माणसाचा रंग पाहून तो चोर की साव हे ठरविले गेले. कायद्याच्या दृष्टीने हिंदी लोक ‘काळे’ या व्याख्येत बसतात, आफ्रिकनांच्या बरोबरीने सवलतींस पात्र ठरतात. परंतु व्याख्येने शेजारधर्म निर्माण होत नाही. गोऱ्याने काळ्याचा केलेला अपमान राज्यकर्त्या पक्षाच्या निवेदनांत ठळक येतो. दोन पीडित समाजांतील संशयाबद्दल तेवढ्या धिटाईने बोलणे त्याला जमलेले नाही.

पक्षाला या सर्वाची किंमत हप्त्याहप्त्याने द्यावी लागली. २०१६ च्या ऑगस्टातील स्थानिक निवडणुकांत जोहान्सबर्ग, प्रिटोरियाचे त्श्वाने आणि नेल्सन मंडेलांच्याच नावाची महापालिका हातची गेली. सरकारी तिजोरी व महामंडळे खाजगी हितसंबंधांच्या कबजात कशी गेली, याचे पुरावे न्यायमूर्ती झोंडो यांच्या चौकशी-आयोगाने २०२२ पर्यंत खंडशः प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये वीजकपातीने कळस गाठला. दिवसाचे कित्येक तास गिरण्या आणि दुकाने अंधारात राहिली. वर्णद्वेष कितीही घोर असो, बॉयलरची दुरुस्ती न होण्याचा दोष त्याच्या माथी मारता येत नाही.

२९ मे २०२४ च्या निवडणुकीत पक्षाची मते ४० टक्क्यांवर आली आणि त्याचे बहुमत प्रथमच गेले. त्याच महिन्यात द्वेषमूलक गुन्हे आणि द्वेषमूलक भाषण यांविरुद्धच्या विधेयकावर रामफोसा यांनी स्वाक्षरी केली होती. निवडणुकीनंतर संयुक्त सरकार बनले आणि त्यात डेमोक्रॅटिक अलायन्स हा जुना प्रतिस्पर्धी सामील झाला. सर्वांना सामावून घेणारी आर्थिक वाढ व रोजगार, दारिद्र्य आणि महागाईचे निवारण, कार्यक्षम राज्ययंत्रणा, असे तीन अग्रक्रम या सरकारने जाहीर केले. परंतु हा सहकारी पक्ष वर्णाधारित सबलीकरणाचा विरोधक आहे. नोकरी-समता कायद्यातील नव्या उद्दिष्टांविरुद्ध आणि जानेवारी २०२५ मध्ये मंजूर झालेल्या भूसंपादन कायद्याविरुद्ध त्याने मंत्रिमंडळात राहूनच न्यायालयाची पायरी चढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर अर्थसंकल्प मांडण्याच्या दिवशीच तो पुढे ढकलावा लागला. विक्रीवरील मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून १७ करण्याची अर्थमंत्र्यांची योजना होती. सहकारी पक्षाने ती मान्य केली नाही. मग अर्ध्या टक्क्याची वाढ सुचविण्यात आली, तीवरही लोकसभेत आणि न्यायालयात भांडण झाले. अखेर एप्रिलच्या २४ तारखेस ती वाढही मागे घेण्यात आली, कर १५ टक्क्यांवरच राहिला आणि अर्थसंकल्प तिसऱ्यांदा लिहावयास घ्यावा लागला.