बोरिवलीच्या वनाची कड



बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान म्हटले की उपनगरांतील कुटुंबांना वनराणी आठवते, शाळेची सहल आठवते. मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे हे वन उभे आहे. कुंपणाच्या आत गृहसंकुल उभारावे, असे उघडपणे कोणी म्हणत नाही. मागणी असते ती कुंपणाला लागून असलेल्या जमिनीची. खरी गोम तिथेच आहे.

कान्हेरीचा डोंगर, म्हणजे प्राचीन कृष्णगिरी, याच वनात आहे. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांच्यालगत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. डोंगरावरचे पाणी डोंगरावरच धरावे, हे त्या भिक्षूंना कळले होते. पुढे १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात. दहिसर, पोईसर आणि मिठी या नद्या याच डोंगराळ पट्ट्यातून निघतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस कोणतीही माती पूर्ण शोषून घेणार नाही, हे खरे. पण उतारावर सिमेंट पसरले की थोडेही पाणी थांबत नाही, ते थेट नाल्यात आणि खालच्या वस्तीत येते.

बिबट्याला तर नकाशावरील रेषा ठाऊकच नसते. वस्ती आली की कचरा येतो, कचऱ्यामागे कुत्री आणि कुत्र्यांमागे बिबट्या. २००४ मध्ये या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले. तरीही ‘सज्जातून वनदर्शन’ अशा जाहिराती थाटात झळकतात. ज्या वनाचे दर्शन विकायचे, त्याचीच कड कापून!

कायद्याची बाजू सरळ नाही. मुलुंड आदी भागांतील जमिनींवरील ‘खासगी वन’ ही नोंद सर्वोच्च न्यायालयाने ३० जानेवारी २०१४ रोजी रद्द ठरविली, कारण जुन्या नोटिसा रीतसर बजावल्याच गेल्या नव्हत्या. त्यामुळे विश्वासाने घरे घेतलेल्या असंख्य सामान्य कुटुंबांना दिलासा मिळाला, आणि तो योग्यच होता. परंतु त्याच दाराने मोकळ्या भूखंडांवरील बांधकामालाही वाट मिळाली. डिसेंबर २०१६ मध्ये उद्यानाभोवती पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र घोषित झाले. त्याची रुंदी काही ठिकाणी जेमतेम शंभर मीटर आहे. दोन वर्षांत व्हावयाच्या आराखड्याचा मसुदा लोकांपुढे येण्यास २०२५ उजाडले.

घरांची गरज कोणी नाकारीत नाही. पण उच्च न्यायालयाच्या १९९७ च्या आदेशानंतर याच वनातून झोपडीधारकांना बाहेर काढण्यात आले. पात्र ठरलेल्यांपैकी अनेकांना चांदिवलीस जावे लागले. वनासाठी ज्या गरिबांनी घर सोडले, त्यांच्यादेखत त्याच वनाच्या काठावर सधनांचे मनोरे उभे राहणार असतील, तर कोणत्या तोंडाने ते मान्य करावयाचे?

म्हणून प्रत्येक वस्तीतील जाणत्यांनी आराखड्याचा नकाशा मागवून घ्यावा. ओढे, उतार आणि मोकळे भूखंड कोणत्या रंगात दाखविले आहेत ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळावे, आणि आक्षेप घ्यावयाचा तो भूमापन क्रमांकासह, लेखी, मुदतीत नोंदवावा.